घटक चढवा आणि घरी जा

वेब पोर्टलवर नवा घटक, म्हणजे त्यातील एखादे काम करणारा प्रोग्रॅम, डिप्लॉय करण्यासाठी, म्हणजे सर्व्हरवर चढवून चालू करण्यासाठी, शुक्रवारची संध्याकाळ हाच सर्वोत्तम मुहूर्त आहे, हे ज्यांना अद्याप उमगलेले नाही अशा होतकरू मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. गेल्याच शुक्रवारी अंबडच्या आमच्या कार्यालयात या विद्येचे सांगोपांग प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आला. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार ज्या पोर्टलवर आपल्या बागांची नोंद करतात, त्यावरील नोंदणीचा घटक बदलण्यात आला, डिप्लॉय यशस्वी झाल्याची ओळ पडद्यावर उमटली आणि संबंधित सद्गृहस्थ गंगापूर रोडकडे मार्गस्थ झाले. नोंदणीच्या पानावर मात्र ‘हा घटक तात्पुरता उपलब्ध नाही’ एवढेच वाक्य शिल्लक राहिले.

तेव्हा पहिला नियम असा, की यशाची ओळ दिसल्यावर पान उघडून पाहू नये. ते सर्व्हरवर अविश्वास दाखवल्यासारखे होते.

घटक ज्या भाषेत लिहिला त्या जावाच्या आवृत्तीची चौकशी करू नये. आपल्या लॅपटॉपवर १७ आणि सर्व्हरवर ८ असेल, तर सर्व्हर ६१ आणि ५२ असे दोन आकडे, म्हणजे याच आवृत्त्यांचे अंतर्गत क्रमांक, दाखवून नेमकी हीच तक्रार करतो. ते आकडे शुभ आहेत असे समजून पुढे जावे.

वॉर फाइल, म्हणजे अख्खा घटक बांधलेले झिप गाठोडे, कितीही मोठी आणि लाइन कितीही मंद असली, तरी ती थेट वेबॲप्स फोल्डरमध्येच कॉपी करावी, म्हणजे टॉमकॅट हा आपला जावा सर्व्हर अर्धवट आलेली फाइल उत्साहाने उचलतो आणि ती झिप उघडत नाही म्हणून गळा काढतो. आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल पूर्ण उतरवून मग तिचे स्थान बदलणे, हे भित्र्या माणसांचे काम आहे.

पोर्टलेट एपीआयची, म्हणजे घटकाला पोर्टलशी जोडणाऱ्या तयार कोडची, जार फाइल सर्व्हरकडे असतेच, तरीही आपल्या घटकातही एक प्रत कोंबावी. मग एकच क्लास, म्हणजे कोडचा एकच तुकडा, तो मेमरीत आणणारे दोन क्लासलोडर वेगवेगळा उचलतात आणि अमुक क्लासचे रूपांतर त्याच अमुक क्लासमध्ये करता येत नाही, असा अद्वैताला आव्हान देणारा संदेश वाचायला मिळतो.

लिनक्सवर फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जातो, ही अफवा समजावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. काहीही बिघडले तरी लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद, वाचू नये. प्रथम सर्व्हर रीस्टार्ट करावा, मग टॉमकॅटचे तात्पुरत्या फायलींचे वर्क आणि टेम्प फोल्डर रिकामे करावेत, मग पुन्हा रीस्टार्ट करावा, आणि तरीही गुण आला नाही तर कॅटालिना डॉट आउट ही टॉमकॅटची लॉग फाइलच पुसून टाकावी, कारण पुरावा नसेल तर गुन्हाही नसतो. चालू सर्व्हर त्या पुसलेल्या फाइलमध्येच लिहीत राहतो आणि डिस्कवरची जागाही मोकळी होत नाही, हा आणखी एक लाभ. कोणी त्रुटीचा तपशील मागितलाच, तर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवावा, पण तो बिघाडाचे मूळ कारण सांगणाऱ्या ‘कॉज्ड बाय’ या शब्दांच्या बरोबर वर कापलेला असावा. ‘माझ्याकडे तर चालते आहे’ हे वाक्य त्यासोबत जोडावे. त्यानंतर नेटवर्कला, मग होस्टिंगला, मग वापरकर्त्याला दोष द्यावा आणि त्याला कंट्रोल व एफ५ दाबून कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली पानाची जुनी प्रत, घालवण्यास सांगावे. शनिवारी सकाळी खरोखर हेच सांगण्यात आले, तेही बागेत उभे राहून मोबाइलवरून माहिती भरणाऱ्या शेतकऱ्याला! त्याच्या हातातल्या फोनवर एफ५ कुठून येणार होते? तो बिचारा ‘साहेब, ते बटन कुठं असतं?’ असे विचारत राहिला, आणि इकडचे साहेब दुसऱ्या फोनवर रविवारच्या मिसळीचा बेत ठरवत होते.

पुरे झाला उपरोध. अहो गंगापूर रोडचे सद्गृहस्थ, त्या लॉगमध्ये सारे लिहिलेले होते. वरची लांबलचक पाने सोडून सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’पाशी गेला असतात, तर तिथे न सापडलेल्या क्लासचे पूर्ण नाव होते. तो क्लास असलेली जार तुम्ही कधीकाळी स्वतःच्या मशीनवरच्या टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टाकून विसरलात, म्हणून तुमच्याकडे घटक चालत होता. वॉरमध्ये ती नव्हतीच. एवढे वाचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. वर जुनी वॉर फाइल बाजूला न ठेवता तिच्यावरच नवी कॉपी केलीत, त्यामुळे निदान जुना घटक परत चढवून काम चालू ठेवण्याची सोयही उरली नाही. शनिवारभर तुमचा फोन बंद होता आणि लोक शिव्या घालत होते ते आम्हाला. आता ज्यांच्या नोंदी अर्धवट अडकल्या आहेत त्यांची यादी काढा, एकेकाला फोन लावा, झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागा आणि त्या नोंदी स्वतः बसून पूर्ण करून द्या. ते काम पुन्हा आमच्या टेबलावर आणून ठेवू नका.