‘नाशिकचे मत वाया गेले’ या दाव्याचा प्रतिवाद

2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर नाशिक जिल्ह्यात एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरतो आहे. त्याचा आशय असा : जिल्ह्याने विरोधी पक्षाचे खासदार निवडून देऊन स्वतःचे पाच वर्षांचे नुकसान करून घेतले, विरोधी खासदाराला निधी मिळत नाही, त्याने कांद्याचा प्रश्न मांडला तरी सरकार ऐकत नाही, सत्ताधारी खासदार असता तर रखडलेले प्रकल्प मार्गी लागले असते, आणि हे लोक सभागृहात एक तर गोंधळ घालतात, नाही तर गावचे प्रश्न सोडून देशाच्या राजकारणावर बोलतात.

यातील निकालाचा भाग खरा आहे. नाशिकमधून राजाभाऊ वाजे, दिंडोरीतून भास्कर भगरे आणि धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत मोडत असल्याने जिल्ह्यातील पंधराही विधानसभा मतदारसंघांचे लोकसभेतील प्रतिनिधी आज विरोधी बाकांवर बसतात. या तिघांच्या कामगिरीला प्रशस्तिपत्र देण्यासाठी हे लिहीत नाही. ती ज्याची त्याने तपासावी. आक्षेप आहे तो त्या निकालावरून काढलेल्या अनुमानांना.

निधीचा मुद्दा लवकर संपतो. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो आणि तो सत्ताधारी व विरोधी सदस्यांना सारखाच असतो. करोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, ही योजना स्थगित झाली तेव्हा ती सर्वांसाठीच झाली होती. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटली तर ही रक्कम प्रत्येकी सुमारे 83 लाख रुपये होते. एवढ्या पैशांत सभामंडप, वर्गखोल्या, जोडरस्ते होतात, जिल्ह्याचे भवितव्य ठरत नाही. विरोधी आमदारांना राज्य सरकारकडून निधी देताना डावलले जाते, ही तक्रार महाराष्ट्रात अनेकदा झाली आहे आणि तीत तथ्यही असू शकते; परंतु ती तक्रार उचलून खासदार निधीला चिकटवली की मजकूर खरा वाटू लागतो.

कांद्याचा मुद्दा मात्र तारखा समोर ठेवूनच पाहिला पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद केली. 31 मार्च 2024 ला संपणारी बंदी पुढे वाढवली, आणि नाशिक-दिंडोरीचे मतदान दोन आठवड्यांवर आले असताना, 4 मे 2024 रोजी, ती उठवली तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क ठेवून. लासलगाव, पिंपळगाव, येवल्याच्या बाजारात या प्रत्येक अधिसूचनेचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या लिलावात दिसत होता. या संपूर्ण काळात दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, नाशिकचे हेमंत गोडसे सत्ताधारी आघाडीत होते आणि धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे भाजपचे होते. तिन्ही खासदार सत्तेच्या बाजूला असतानाच कांद्यावरचे हे निर्बंध आले आणि टिकले.

त्यांनी पक्षात किंवा मंत्रालयात प्रयत्न केले नसतील, असे म्हणण्याचे कारण नाही. तो प्रयत्न मतदाराला दिसण्याची सोय मात्र नव्हती. मंत्री असलेला सदस्य प्रश्नोत्तराच्या तासात सरकारला प्रश्न विचारत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 75 नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते आणि मंत्री स्वतः उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत असतो. निर्यातबंदी कोणत्या आकडेवारीवर ठरवली, हे वाणिज्य मंत्रालयाला सभागृहात विचारण्याचा मार्ग कांद्याच्या सर्वांत मोठ्या पट्ट्याच्या प्रतिनिधीसाठी नेमका त्या काळात बंद होता, आणि तो बंद होता मंत्रिपदामुळेच.

पुढचा क्रमही पाहावा. 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान निर्यातमूल्य रद्द झाले आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. 1 एप्रिल 2025 पासून ते पूर्णपणे हटले. याचे श्रेय विरोधी खासदारांना द्यावे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या निर्णयावेळी राज्याची विधानसभा निवडणूक समोर होती, दुसऱ्या वेळी रब्बीची आवक वाढून भाव उतरत होते, आणि सत्ताधारी नेत्यांनीही शुल्क हटवण्याची मागणी केली होतीच. लोकसभेच्या निकालाने कांदापट्ट्यातील रोष दिल्लीपर्यंत पोहोचला, हेही एक कारण मानता येईल, पण एकमेव नव्हे. तरीही ‘विरोधी खासदार आले की सरकार ऐकत नाही’ हे विधान या क्रमात कुठे बसते, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी दाखवावे.

‘प्रश्न मांडून काय होते’ या उपप्रश्नाचे उत्तर संसदेच्या रोजच्या कामकाजात आहे. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. कोणाचा प्रश्न यादीत येईल हे सोडतीने ठरते, आणि सोडत पक्ष पाहत नाही. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते व पुरवणी प्रश्नांना सामोरे जावे लागते. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. नियम 377 खाली मतदारसंघाचा विषय नोंदवला तर संबंधित मंत्रालयाने सदस्याला लेखी उत्तर पाठवायचे असते. मंत्र्याने ‘विचार करू’, ‘तपासून पाहू’ असे म्हटले तर ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते आणि त्याचा पाठपुरावा करणारी स्वतंत्र समिती आहे. या सगळ्यातून रस्ता बांधला जात नाही, हे खरे. पण रस्ता का बांधला गेला नाही याचे सरकारी कारण लेखी मिळते, आणि शेतकरी संघटनेला, पत्रकाराला किंवा न्यायालयात जाणाऱ्याला तेच लागते.

आता रखडलेल्या प्रकल्पांविषयी. नाशिकच्या निओ मेट्रोसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) 2,092 कोटी रुपये खर्चाच्या प्रकल्पाची घोषणा 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तेव्हा नाशिकचे खासदार गोडसे शिवसेनेचे होते आणि शिवसेना 2019 च्या अखेरीपासून केंद्रातील सत्ताधारी आघाडीच्या बाहेर होती. 2022 मध्ये तेच खासदार सत्तेच्या बाजूला गेले; प्रकल्प होता तिथेच राहिला. घोषणा खासदारामुळे झाली नव्हती, हे मान्य; प्रस्ताव आधीच्या राज्य सरकारच्या काळातला होता आणि महापालिकेत तेव्हा भाजपची सत्ता होती. पण मग प्रकल्प रखडल्याचा दोष तरी खासदाराच्या बाकावर कसा टाकायचा? नाशिक-पुणे रेल्वेचेही तसेच आहे. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे जाणारा मूळ मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामात रेल्वेमुळे व्यत्यय येईल, या अडचणीवर अडला आणि चर्चा शिर्डीमार्गाकडे वळली. हा वाद तांत्रिक आहे, निर्णय रेल्वे मंत्रालयाचा आहे, आणि मूळ मार्गावरील गावांचे म्हणणे त्या मंत्रालयाला न जुमानता मांडणारा कोणी तरी सभागृहात असणे हे त्या गावांच्या हिताचेच आहे.

गोंधळाचा आरोप मी सर्वस्वी फेटाळत नाही. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेचे कामकाज नियोजित वेळेच्या एक-तृतीयांशही झाले नाही. बिहारमधील मतदार यादीच्या फेरतपासणीवर चर्चा व्हावी ही मागणी रास्त होती, असे माझे मत आहे. पण प्रश्नोत्तराचा तास बंद पडला की पहिले नुकसान विरोधी सदस्याचेच होते, कारण मंत्र्याला उभे करण्याचे त्याचे मुख्य साधन तेच असते. लेखी उत्तरे पटलावर येतात, पुरवणी प्रश्न मात्र जातो. कामकाज चालवण्याची पहिली जबाबदारी सरकारची, असे विरोधक म्हणतात; ते बरोबर असले तरी अर्धेच उत्तर आहे.

दुसरी बाजू डिसेंबर 2023 ची आहे, आणि तिचा त्या मजकुरात उल्लेख नाही. त्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील 146 विरोधी सदस्य निलंबित झाले. संसदेच्या सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, ही त्यांची मागणी होती. ज्यांच्या मतदारसंघात कांदा पिकतो ते शिरूरचे अमोल कोल्हे आणि बारामतीच्या सुप्रिया सुळे त्या निलंबितांत होत्या. निलंबित सदस्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. कांदा निर्यातबंदी त्याच अधिवेशनात, त्याच महिन्यात लागू झाली होती.

राहिला ‘गावचे सोडून देशाचे बोलतात’ हा आरोप. निर्यातबंदी, रेल्वेचा मार्ग, ओझरच्या एचएएल कारखान्याला मिळणारी विमानांची मागणी, गोदावरीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राची योजना, यांतला एकही निर्णय नाशिकमध्ये होत नाही. दिल्लीतील व्यापार धोरणावर, संरक्षण खरेदीवर, रेल्वेच्या अनुदान मागण्यांवर बोलल्याशिवाय नाशिकचे बोलताच येत नाही. गटार आणि पाणीपुरवठा महापालिकेकडे असतो. तिथल्या अपयशाबद्दल खासदाराला धारेवर धरणे सोपे आहे, पण त्याने खरे जबाबदार सुटतात.

हे नाशिकला नवे नाही. 1957 मध्ये येथून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते एक प्रमुख संघटक. पुढे भूमिहीनांच्या जमिनीचा लढा त्यांनी देशभर नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीच्या लाटेत निवडून आलेल्या विरोधी खासदारांपैकी ते एक होते. त्या निवडणुकीनंतर तीन वर्षांत, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य झाले. त्यांनाही त्या वेळी ‘सत्तेबाहेर राहून काय मिळवणार’ असे विचारणारे भेटले असतीलच.

आणखी एक जागा अशी आहे की तिचे चित्रण दूरचित्रवाणीवर येत नाही, त्यामुळे या वादात तिचे नावही निघत नाही : विभागवार स्थायी समित्या. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, पक्षादेश (व्हिप) तिथे लागू नसतो आणि अधिकाऱ्यांना कागदपत्रांसह हजर राहावे लागते. कृषीविषयक स्थायी समितीचे अध्यक्षपद 2024 पासून काँग्रेसचे चरणजितसिंग चन्नी यांच्याकडे आहे. त्या समितीने डिसेंबर 2024 मध्ये हमीभावाला कायदेशीर आधार द्यावा आणि पीएम-किसानची रक्कम वर्षाला 6,000 वरून 12,000 रुपये करावी, अशी शिफारस केली. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. मात्र ती स्वीकारली की नाकारली आणि का, हे सरकारला समितीपुढे लेखी सांगावे लागते, आणि समितीचा त्यावरील अहवाल संसदेत मांडला जातो.