ग्रंथपाल संपले म्हणे! बरं, मग हे घ्या

काल रात्री साडेअकराला ताईच्या मुलीचा मेसेज आला. ती ग्रंथालयशास्त्र शिकतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. वर एक फॉरवर्ड आणि खाली एवढंच, "मावशी, हे खरंय का गं?" तिला तो पाठवला कोणी तर तिच्याच बाबांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तोही फॅमिली ग्रुपवर सगळ्यांदेखत, आणि वर स्वतःची भर, "अजून वेळ गेलेली नाही, विचार कर." हाच मेसेज मला ह्या आठवड्यात चौथ्यांदा आलाय. तीनदा सोडून दिलं, पण पोरगी रात्री झोपायची सोडून हे विचारत बसली म्हटल्यावर लिहायलाच बसले.

ज्यांना अजून आला नसेल (सुखी आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. एआयमुळे पाच वर्षांत ग्रंथपाल हा पेशा संपणार, कारण १) सगळी पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, २) संदर्भ शोधायला ग्रंथपालाला दोन दिवस लागतात, एआय चार सेकंदात देतं, ३) ग्रंथपालाचं काम म्हणजे शिक्के मारणं आणि "शांतता राखा" म्हणणं, ४) ई-बुक एकदा घेतलं की कायमचं, ५) म्हणून ह्या लाइनमधलं ट्रेनिंग म्हणजे पैसे पाण्यात. खाली हात जोडलेले इमोजी आणि "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा".

दोन नंबरपासून सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे नुसते अडाणी आहेत, हा मात्र पोरांचं नुकसान करणारा आहे.

मे २०२५ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स ह्या मोठ्या पेपरच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नाहीत! लेखक मात्र खरे आणि नावाजलेले. इसाबेल आयेंदे यांच्या नावावर 'टाइडवॉटर ड्रीम्स' म्हणून एक कादंबरी, थोडक्यात कथानकासकट, आणि बाईंनी ती कधी लिहिलेलीच नाही. यादी एआयकडून करून घेतली होती, ज्याने केली त्याने नंतर कबूलही केलं. पुरवणी बाहेरून तयार आली होती, पेपरात कोणी ती तपासली नाही. चार सेकंदात यादी मिळाली हे अगदी खरंय, फक्त त्यातली दोन तृतीयांश हवेतली होती.

आणि अशी यादी घेऊन माणूस शेवटी येतो कुठे, तर आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर.

मागच्या महिन्यात एक एम.ए.चा मुलगा प्रिंटआउट घेऊन आला, १२ संदर्भ, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुमच्याकडे ह्यातलं काहीच कसं नाही. पहिलाच घेतला. लेखिका खरी, जर्नल खरं. २०१६, खंड १४, पानं ११२ ते १२८. आता ते जर्नल २००९ ला सुरू झालं, वर्षाला एक खंड, म्हणजे २०१६ ला आठवा खंड हवा, चौदावा आला कुठून? डीओआय, म्हणजे शोधनिबंधाचा कायमचा ऑनलाइन नंबर, टाकून बघितला तर उघडला माशांच्या खवल्यांवरचा पेपर, आणि मुलाचा विषय लोककथा. तरी त्यावर थांबता येत नाही, कारण कधीकधी मूळ पेपर खरा असतो आणि नुसते आकडे चुकलेले असतात. मग आठवा खंड चाळा, चौदावा चाळा, लेखिकेची प्रकाशनांची यादी बघा, शीर्षकातले शब्द उलटसुलट करून शोधा. यादीत एक पुस्तक होतं, त्याचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, तर कागदावरच आपटला. तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो, आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की तिला दहाने पूर्ण भाग जायला हवा. ह्याच्या नंबरला जात नव्हता. सगळं मिळून दीड तास गेला आणि १२ पैकी ३ खरे निघाले.

ह्यात एआयचा काही दुष्टपणा नाही हो. चॅटबॉट कॅटलॉग उघडून बघत नसतो, आधीच्या शब्दांपुढे कुठले शब्द शोभतील ते जुळवत असतो. आणि जगात सगळ्यात ठरलेल्या साच्याचं लिखाण कुठलं तर संदर्भसूची. आडनाव, वर्ष, शीर्षक, खंड, पानं. साचा पाठ असला की आत काहीही ओतता येतं. नवीन टूल्स नेटवर शोधून उत्तर देतात हे मला माहितीय, मी स्वतः वापरते, शोधशब्द सुचवायला, परभाषेतला सारांश काढायला छान आहेत. पण तीसुद्धा जे उघड्यावर पडलंय तेच उचलतात, आणि उघड्यावर आता आधीच्या एआयने पाडलेले खोटे संदर्भही आहेत. शिवाय "असा पेपर नाहीये" हे त्यांच्या तोंडून सहज निघत नाही. आमच्या कामातली अवघड गोष्ट तीच आहे, नाही म्हणणं. असलेलं पुस्तक पाच मिनिटांत मिळतं, नसलेलं नाहीये हे खात्रीने सांगायला दीड तास लागतो, आणि तो दीड तास फॉरवर्डवाल्यांच्या हिशोबात "ग्रंथपाल स्लो आहे" म्हणून धरला जातो.

बाकीचे पटापट उरकते.

सगळी पुस्तकं फुकट नेटवर? इंटरनेट आर्काइव्ह ह्या साइटवर स्कॅन केलेली पुस्तकं वाचायला मिळायची. प्रकाशकांनी कोर्टात खेचलं, २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला, २०२४ मध्ये अपिलातही तेच, आणि पाच लाखांवर पुस्तकं वाचायला देणं बंद झालं. कॉपीराइट नावाची वस्तू असते. जे फुकट पीडीएफ तुम्हाला टेलिग्रामवर मिळतं ते फुकट नसतं, ढापलेलं असतं.

चार नंबर वाचून मी खरंच मोठ्याने हसले. ई-बुक एकदा घेतलं की कायमचं! अहो, लायब्ररीला बहुतेकदा ई-बुक विकतच मिळत नाही, लायसन्स मिळतं. २०११ साली हार्परकॉलिन्सने नियम आणला की एक ई-बुक २६ वेळा वाचकांना दिलं गेलं की लायसन्स खलास, परत पैसे भरा. छापील पुस्तकाची शिवण उसवली तर मी चिकटवून आणखी दहा वर्षं चालवते, ई-बुकला सत्ताविसावा वाचक आला की ते बंद. कुठे किती वाचनं, कुठे किती महिने, कुठे एकावेळी किती वाचक, हे करार वाचून भांडायला कोण बसतं असं वाटतं?

शिक्क्यांबद्दल काही बोलत नाही. शिक्का अजून मारते, हो.

आता पाचवा, ट्रेनिंगचा. इथे मला जरा गप्प बसावं लागतं, कारण ह्यात थोडं तथ्य आहे आणि ते आमच्याच लोकांनी तयार करून ठेवलंय. आमचं ट्रेनिंग म्हणजे बहुतेक वेबिनार: कॅमेरा बंद, माइक म्यूट, मागे कुकरच्या शिट्ट्या, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट. माझ्याकडे असली सदतीस आहेत आणि त्यातल्या चारांत नेमकं काय शिकवलं ते मला सांगता येईल. बढतीच्या फाइलला कागद लागतो म्हणून हे चालतं. आणि नुसता काउंटर सांभाळून निवृत्त झालेले सहकारी मीही बघितलेत, त्यांच्याकडे बोट दाखवलं तर मी भांडणार नाही. पण म्हणून ट्रेनिंगच नको? उलट जे शिकायला हवं ते ह्या वेबिनारांत नसतंच. लायसन्सचा करार कसा वाचायचा, मागे घेतलेला, म्हणजे चूक किंवा लबाडी सापडल्यावर रिट्रॅक्ट केलेला, शोधनिबंध कसा ओळखायचा, पैसे घेऊन काहीही छापणारं जर्नल कसं पकडायचं. २०२३ ह्या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांच्या वर एकट्या हिंदावी ह्या प्रकाशनाचे. ते पेपर आधी डाउनलोड झालेत, कोणाकोणाच्या प्रबंधात जाऊन बसलेत. ते हुडकून काढायचं काम आहे, आणि ते शिकल्याशिवाय येत नाही.

भाचीला रात्री बाकी काही लिहिलं नाही. त्या मुलाच्या यादीतले पाच संदर्भ पाठवले, म्हटलं ह्यातले खरे कुठले ते शोध, एआय वापरलास तरी चालेल. आज दुपारी उत्तर आलं. "तीन खोटे, दोन खरे. पण मावशी, त्या दोनातला एक रिट्रॅक्ट झालाय, तुला माहिती होतं?"

मला माहिती नव्हतं. मी त्याला खरा म्हणून टिक करून दिला होता. त्या मुलाचा नंबर रजिस्टरमध्ये आहे, उद्या फोन करायचाय.