वाक्यात उपयोग

"पप्पा, 'प्रकांड' म्हणजे काय?"

"मोठा," मी भाकरी मोडता मोडता म्हणालो. तिथंच चुकलो.

पाच मिनिटांत वही ताटाशेजारी आली. 'आज्जीच्या म्हशीला प्रकांड रेडकू झाले.'

व्याकरणात खोट काढायला जागा नाही. आज्जी खरी, म्हैस खरी, रेडकूही खरंच दांडगं आहे. पण प्रकांड असतो तो पंडित. रेडकानं कितीही दूध प्यायलं तरी ते प्रकांड होत नाही. "का?" या प्रश्नावर मी पाणी प्यायलो.

पुढचा शब्द 'तुटपुंजा'. गाईडातला अर्थ: कमी. वाक्य: 'पप्पांचे केस तुटपुंजे आहेत.' हे चूक आहे एवढं मला कळत होतं, पण तसं म्हणायला तोंड उघडेना.

गाईडवाले शब्दापुढं एक अर्थ टाकून मोकळे होतात. मोल्सवर्थसाहेबानं १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात कितीतरी शब्दांपुढं सोबतीची क्रियापदंसुद्धा नोंदवली. नवस बोलायचा, शपथ घ्यायची, कर्ज काढायचं. परक्या माणसाला हे सांगावं लागतं, हे त्याला कळलं होतं. आपली पोरंही परकीच असतात हे गाईडवाल्यांना कोण सांगणार?

कर्जावरून आठवलं. आम्ही मूळचे खानापूरकडचे, आता बेळगावात टिळकवाडीला. माझं कन्नड बाजारापुरतं: एष्टु (किती), बेकु (पाहिजे), ब्याडा (नको) आणि दहापर्यंत आकडे. स्कूटरसाठी पन्नास हजार पाहिजे होते म्हणून एका पतसंस्थेत गेलो. काउंटरवरच्या अक्कांनी विचारलं, "साल एष्टु बेकु?"

साल म्हणजे वर्ष. फेडायला किती वर्षं पाहिजेत ते विचारतात, असं धरून मी ठणकावलं, "हत्तु!"

अक्कांनी अर्जावर दहा लाख लिहिले. कन्नडात साल म्हणजे कर्ज.

मग माझी पगाराची पावती बघून त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "अनुमान ऐती." मी खूष. अनुमान काढतात, म्हणजे काम पुढं सरकलं! घरी येऊन शेजारच्या अण्णांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. कन्नडात अनुमान म्हणजे शंका. शब्द तोच, उच्चारही जवळपास तोच, फक्त अर्थ वेगळा, आणि एवढ्याशा फरकात माझी सगळी पत गेली.

तर इकडं वहीत शेवटचा शब्द उरला होता: किंकर्तव्यमूढ.

"काय करावं ते न सुचणारा," मी सांगितलं आणि लगेच सावध झालो. "थांब, याचं वाक्य मीच करतो."

पेन घेतलं. युद्धावर गेलेला राजा आठवला, वाट चुकलेला प्रवासी आठवला, पण वाक्य काही जमेना. भाजी गार झाली. लेकीनं बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं, वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'पप्पा किंकर्तव्यमूढ होऊलालेत.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी 'होऊलालेत' खोडून 'होत आहेत' केलं. बाकी वाक्याला बरोबरची खूण.