जंगल राखायला रोजी लागते

येत्या ग्रामसभेत मी आपल्या सामूहिक वनव्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद सोडतो आहे. सात वर्षं झाली. कोणाशी भांडण नाही, तब्येत ठीक आहे, कुठल्या निवडणुकीलाही उभं राहायचं नाही. ग्रुपवर ही बातमी गेल्यापासून फोन येत आहेत आणि जो तो एकच बोलतो, "भाऊ, तुमच्यासारखा निःस्वार्थ माणूस आता कुठं भेटन?" प्रेमानं बोलता, आभार मानतो. पण मला आज या 'निःस्वार्थ' शब्दावरच लिहायचं आहे. सात वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. याच शब्दापायी आपल्या जंगलाचा कारभार चार-दोन घरांतच फिरत राहिला.

मी हे काम फुकट करू शकलो, कारण घरी पीठगिरणी आहे. मी तालुक्याला गेलो तरी गिरणी बंद पडायची नाही. बायको पट्टा चढवायची, दळण द्यायची, उधारीची वही लिहायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माझ्या वाटच्या बांधीतला (धानाच्या शेतातला) चिखल लहान भावानं केला. दारात मोटारसायकल होती. अर्ज लिहिता येत होता. माझ्या सेवेचा खर्च या दोघांनी उचलला आणि हारतुरे मला मिळाले. ग्रामसभेच्या एकाही ठरावात त्या दोघांचं नाव नाही, म्हणून निदान इथं लिहून ठेवतो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातलं. आठवडी बाजार भरतो, हायस्कूल आहे, माजी मालगुजारी तलाव आहे आणि तलावाच्या वरच्या अंगाला टेकडीपर्यंत जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या जंगलाचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. दाव्यासाठी पुरावे शोधताना जुनं निस्तार पत्रक हाती लागलं होतं. सरपण कुठून आणायचं, बांबू कुठून, गुरं कुठं चारायची, सगळं त्यात लिहिलेलं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तो कागद कपाळाला लावला होता. हक्क मिळाला त्या दिवशी डफ वाजला, गुलाल उडाला. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं आणि ते काम कोण करणार, याचा विचार आपण नीट केलाच नाही. "भाऊ करते ना," एवढ्यावर भागलं.

काम काय असतं, हे बैठकीला न येणाऱ्यांना माहीत नाही. तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात फळीवर (पानं गोळा होतात त्या जागी) उभं राहून पुडे मोजून घ्यायचे. ७० पानांचा एक पुडा, असे १००० पुडे म्हणजे एक गोणी. ऊन डोक्यावर, मोजणीत दहा पुड्यांचा फरक पडला की बाई विचारणारच, आणि तिनं विचारलंच पाहिजे. बांबू निघाला की वाहतूक परवाना समितीनं द्यायचा, त्याचं पुस्तक जपायचं, प्रत्येक गाडीची नोंद करायची. लिलावाची जाहिरात, बँकेतल्या सह्या, लेखापरीक्षण, आराखड्याच्या बैठका. एका वर्षी मी वहीत फेऱ्या लिहून ठेवल्या. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मिळून एकेचाळीस झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्यांत 'साहेब बैठकीत आहेत, उद्या या' एवढंच ऐकून परत आलो. एका हंगामात कंत्राटदारानं शेवटचा हप्ता थकवला. बायका माझ्या दारात येऊन बसत. त्यांचं बरोबर होतं, पानं त्यांनी तोडली होती. तो पैसा सोडवायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांचं पेट्रोल, झेरॉक्स आणि वकिलाचा चहा गिरणीच्या गल्ल्यातून गेला.

आता मावशीबद्दल. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. गावात सगळ्यांना ओळखू येईलच.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. उपग्रहानं आग टिपली की हल्ली मोबाईलवर निरोप येतो, पण निरोप आल्यावर हिरव्या डहाळ्या घेऊन धावायला माणसंच लागतात. माझ्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही उन्हाळाभर नुसते धावत होतो. आगी लागत होत्या मोहाखाली. मोहफुलं पालापाचोळ्यात पडली की दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. ती आग झाडाखाली थांबत नाही. मी फलक लावले. दवंडी दिली. दंडाचा ठराव केला, वर दोन घरांना दंडही लावला. त्या वर्षी आगी कमी झाल्या नाहीत, उलट लोक लपून, पहाटे लावू लागले. ज्या घरांना दंड लावला ती माणसं आजही माझ्याशी मोजून बोलतात आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण चूक माझी होती.

मावशी एका बैठकीत मागं बसली होती. सगळे बोलून झाल्यावर म्हणाली, "आग कायले लावतेत, हे कोनी इचारलं काय जी? लेकरू घरी सोडून आलेली बाई हाय. तिले घाई हाय. तिच्यासंगं खराटा घेऊन दुसरी बाई द्या, ते आग नाई लावत." एवढंच बोलली. मग तिनंच बायकांच्या जोड्या लावल्या. हंगामाआधी आठ दिवस खराट्यानं झाडाखालचा पाला ओढून ठेवायचा, कोणाचा मोह कोणता हे आधीच बोलून घ्यायचं, आणि वाघाचा भाग असल्यानं अंधारात एकटीनं निघायचंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मोहाखालची आग जवळजवळ बंद झाली. माझ्या फलकांनी आणि दंडानं जे दोन वर्षांत झालं नाही, ते तिनं एका हंगामात केलं.

तेव्हाच मी बैठकीत तिचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं. टाळ्या पडल्या. मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "अध्यक्ष झाली तं तालुक्याले जावं लागन. त्या दिवशीची माही रोजी कोन देईन?"

कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. मग सगळ्यांनी माझंच नाव पुन्हा घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. त्या दिवसाचं माझ्या मनातून अजून जात नाही. तिनं सरळ प्रश्न विचारला होता आणि सोपं उत्तर आमच्या खिशात होतं. तेंदूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात पडलेला होता. पण "सेवेला पैसे कसले?" हे आमच्या डोक्यात इतकं बसलेलं, की ते उत्तर कोणाच्या तोंडातून निघालं नाही.

मेंढा-लेखाचं उदाहरण आपण सगळेच देतो, मीही भाषणांत दिलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं ते गाव. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, त्यासाठी २०११ च्या एप्रिलपर्यंत झगडावं लागलं, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. तिथले पुढारी देवाजी तोफा यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण आपण तिथून धडा उलटा घेतो. आपल्याही गावात एखादा देवाजी तोफा निघावा म्हणून वाट बघत बसतो. ते गाव कैक वर्षं प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं घेतं, मतदान करून बहुमतानं रेटत नाही, एखाद्याचं पटत नसेल तर पुन्हा बसतं, बाया बोलतात, अभ्यासगट बसतात. हे आपल्या भाषणात येत नाही, कारण ते करायला रात्री बसावं लागतं.

आणि त्यांची घोषणा घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' आपल्या समाजमंदिराच्या भिंतीवरही ती रंगवलेली आहे. सरकार म्हटलं की कारकून आला, त्याचा पगार आला, प्रवासभत्ता आला. वनखात्याच्या बीटगार्डला (वनरक्षकाला) पगार आहे, तो असायलाच हवा, त्याचंही काम जोखमीचं आहे. मग गावातल्या सरकारचं काम करायला बाई दिवस मोडून तालुक्याला गेली, तर तिला एक रोजी द्यायला आपला हात का आखडतो?

कायद्यात अडचण आहे का? नाही. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली ज्या सुधारणा झाल्या, त्यांनुसार वनोपजाच्या विक्रीतून आलेला पैसा कसा वापरायचा, यावरच्या समितीच्या निर्णयाला मान्यता द्यायचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. त्याच नियमांत असंही आहे की ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. कोरम भरायला आपण बायांना घरोघरी बोलवायला जातो, मीही गेलो आहे. ठरावाखाली त्यांचे अंगठे घेतो. पण बँकेच्या खात्यावर सही करणारे तिघंही पुरुष, तिघांकडेही मोटारसायकल. हे असंच चालू द्यायला माझं मन आता घेत नाही.

पैसा आला की भांडण येतं, असं गावातल्या जाणत्या माणसांचं म्हणणं आहे. ते खोटं नाही. शेजारच्या एका गावात अध्यक्षाला महिन्याचं मानधन ठरवलं आणि पुढच्या निवडीला जंगलाचं 'ज' न कळणारी चार माणसं पदासाठी उभी राहिली, गाव फुटलं. म्हणून मी पदाला मानधन मागत नाही. रोजी दिवसाची द्यावी. जो दिवस जंगलाच्या कामासाठी मोडला, त्या दिवसाची, गावात शेतमजुरीचा जो दर चालू असेल त्या दरानं, आणि बसचं भाडं. अध्यक्ष गेला तरी तेवढीच, गस्तीवरचा पोरगा गेला तरी तेवढीच. कोण कुठं गेलं, काय काम झालं, किती घेतले, हे दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचं. नुसतं फलकावर लावून चालणार नाही, आपल्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नाही. ज्यांना रोजी नको असेल त्यांनी घेऊ नये, पण 'मी घेत नाही' हे बैठकीत सांगायचं नाही. ते सांगितलं की घेणाऱ्याची मान खाली जाते. मी सात वर्षं नेमकं हेच करत आलो आणि मावशीला रोजी मागणं जड गेलं, त्यात माझाही वाटा आहे.

दुसरं, अध्यक्षपद दोन वर्षांच्या वर कोणाकडेच नको. मी सात वर्षं राहिलो, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. कागद कुठं आहेत हे मला एकट्याला माहीत असतं. फळीचा हिशेब माझ्या एकट्याच्या डोक्यात असतो. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, वीस दिवस पडून होतो, तर बांबूच्या दोन गाड्यांना परवाना मिळाला नाही, कारण पुस्तक माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या पाकिटात. याला गावाचं जंगल म्हणायचं का?

जंगलाचं कळतं ते जंगलात जाणाऱ्याला. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानांसाठी झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, मग टेंभरं (तेंदूची फळं) धरत नाहीत, पाखरं खाणार काय, आपली लेकरं खाणार काय, असा विचार त्यामागं होता. हातचा पैसा सोडायचा निर्णय ज्यांची उन्हाळ्याची कमाई त्यावर असते त्यांनी घेतला, तरच टिकतो. मी गिरणीवाला. मी असा ठराव मांडला असता, तर तो शहाणपणा शिकवणं झालं असतं. आपल्याला तेंदू बंद करायचा की नाही, हा पुढचा विषय आहे, घाई नाही. पण तो मांडेल कोण, तर जिच्या पुड्यांवर घर चालतं ती.

काही जण म्हणतील, बाईमाणसाला साहेब लोक दाद देणार नाहीत. मला तरी कुठं पहिल्या फेरीत दिली? एकदा तर तीन तास व्हरांड्यात उभं ठेवलं होतं. आपण दोघं-तिघं मिळून जाऊ, पहिल्या चार फेऱ्यांना मी बरोबर राहीन. अर्ज लिहायला हायस्कूलची पोरं आहेत, त्यांनाही शिकायला मिळेल. परवान्याचं पुस्तक आणि शिक्का समाजमंदिराच्या कपाटात जाईल, किल्ल्या दोन राहतील, एक बाईकडे, एक गड्याकडे. लेखापरीक्षणाच्या फायली मी मांडून ठेवल्या आहेत, कोणीही येऊन बघावं.

रविवारी सकाळी आठला समाजमंदिरात या. रोवणं अजून सुरू झालेलं नाही, पऱ्हे (धानाची रोपं) टाकून झाले आहेत, तेव्हा सवड नाही असं म्हणू नका. ठराव मांडणार मी, पण बोलायला सगळे पाहिजेत. विरोध असेल तर तिथंच बोला, नंतर पानठेल्यावर नको.

मावशीला परवा तिच्या अंगणात जाऊन विचारलं. सूप हातातच होतं, खाली ठेवलं नाही. म्हणाली, "रोजीचा ठराव आधी लिहा, मंग माहं नाव घ्या." दारापर्यंत आलो तर मागून आवाज दिला, "आन् भाऊ, तालुक्याची बस किती वाजता असते जी?"