बियाणं ज्या राखतात, त्यांना बैठकीचं बोलावणं नाही

आज सकाळी गावात खरीपाच्या तयारीची बैठक झाली. विषय होता सोयाबीनची घरच्या घरी उगवण चाचणी. आलेल्या साहेबांनी ओलं गोणपाट अंथरलं, दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सातव्या दिवशी चांगले कोंब मोजायचे, असं सगळं नीट दाखवलं. समोर बसलेले सगळे पुरुष. हजेरीवर सह्या झाल्या, फोटो निघाले. दोघी-तिघी मागे चहा करत होत्या, बाकीच्या बाया रानात धसकटं वेचत होत्या. मी पाण्याची कळशी ठेवायला गेले आणि खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

दुपार झाली तरी डोक्यातला राग जात नाहीये, म्हणून लिहितेय.

त्या मांडवात बसलेल्यांपैकी कितीजणांनी आजवर स्वतःच्या हाताने गोणपाट भिजवलंय? आमच्या घरात हे काम सासूबाई करतात. मी त्यांना आत्या म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. उन्हाळा तापायला लागला की बियाण्याची पोती त्या स्वतः बघतात. पोतं जमिनीला टेकू द्यायचं नाही, खाली फळ्या. थप्पी उंच लावायची नाही. कुणी पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं की त्या ओरडतात, कारण सोयाबीनची साल पातळ, आपटलं की आतला कोंब गेलाच. हे त्यांना कुणी बैठकीत सांगितलेलं नाही.

2020 चं साल आठवतंय ना? आदल्या वर्षी ऐन काढणीत, ऑक्टोबरात, पाऊस कोसळला होता आणि सोयाबीन भिजलं होतं. त्या बियाण्याने पुढच्या जूनमध्ये मराठवाड्यात किती जणांना रडवलं! पेरलं ते उगवलंच नाही. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, एवढं ते प्रकरण मोठं झालं. त्या वर्षी आत्यांनी मे महिन्यातच घरचं बियाणं तपासलं. शंभरात बासष्ट उगवले. सत्तर तरी उगवायला हवेत. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, सोडून द्या हे, पिशवी विकत आणू. आत्या म्हणाल्या, पिशवीतलंही तपासल्याशिवाय रानात जाणार नाही. तपासलं तर ते घरच्यापेक्षा वाईट निघालं. मग त्यांनी घरचंच चाळून-निवडून घेतलं आणि एकरी तीस किलोच्या जागी चौतीस किलो धरलं. बोटांवर हिशोब केला त्यांनी, माझ्यासमोर.

आमचं रान एका पेरणीत उगवलं. शेजारी दुबार पेरणी चालू होती. आणि गावात शाबासकी कुणाला मिळाली? मामांना. मामा वाईट माणूस नाहीत, पण "हे तिने केलं" असं एकदाही म्हणाले नाहीत.

मान्य आहे, साहेबांनी सांगितलं ते बरोबर होतं आणि समजेल असं सांगितलं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण निरोप देणाऱ्याने निरोप कुणाला दिला? दवंडीवाल्या गटावर टाकला, त्या गटात एकही बाई नाही. वेळ सकाळची ठेवली, ज्या वेळी बाया उन्हाच्या आत काम उरकायला रानात असतात. दुपारी घेतली असती तर काय बिघडलं असतं?

उन्हाळ्यात रान मोकळं दिसतं म्हणून शेतीही मोकळी आहे असं लोकांना वाटतं. एकदा येऊन बघा. नांगरट ट्रॅक्टरने होते, ते काम दिसतं, त्याचा आवाज येतो. त्यानंतरचं सगळं हाताने. ढेकळं फुटली की कुळवाच्या पाळ्या, आणि पाळीमागे वाकून वर आलेली धसकटं, काशा, हराळीच्या गाठी गोळा करायच्या. हराळीचा एक तुकडा राहिला तरी पावसाळाभर पुरतो. उकिरडा उपसायचा, पाट्या भरून खत रानात न्यायचं. तेही कुजलेलंच, कारण कच्च्या शेणात मुळं खाणारी हुमणीची अळी वाढते. आणि ते आधीच पसरून उन्हात वाळवायचं नाही, शेवटच्या पाळीच्या तोंडावर विस्कटायचं म्हणजे लगेच मातीत मिसळतं. बांध फुटला असेल तिथे दगड-माती. मग बियाणं चाळणं, फुटके दाणे वेगळे करणं, पेरणीच्या दिवशी आधी बुरशीनाशक आणि नंतर जिवाणू संवर्धक चोळून सावलीत सुकवणं. यातलं बरंचसं कुणाच्या हातून होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आया, चुलत्या, वहिन्या आठवा.

मला ही कामं आवडतात, हेही सांगते. संध्याकाळी उकिरड्याच्या तळातलं काळंभोर, भुसभुशीत खत पाटीत घेतलं की त्याला जो मातीचा वास येतो, त्याने दिवसभराचा शीण उतरतो. नांगरलेल्या रानात बगळे उतरतात, अळ्या टिपतात, आत्या त्यांना हाकलू देत नाहीत. असं वाटतं की रान तयार करणं म्हणजे घरात बाळंतीण येणार म्हणून केलेली तयारी.

पण आवडतं म्हणून त्याला मोल नाही, असं होत नाही.

राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले. अभिमान वाटला, वाटायलाच हवा. कोंभाळण्याची एक बाई देशी वाण जपते आणि देश तिच्यासमोर हात जोडतो. मग आपल्या गल्लीतल्या बाईला बियाण्याच्या बैठकीत एक सतरंजी का मिळत नाही? 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्याच वर्षी आमच्या गावात बियाण्यावरची बैठक बाईशिवाय पार पडते.

सातबारा हे मूळ आहे. नाव नाही म्हणून हजेरीत नाही, योजनेत नाही, शेतकरी म्हणून मोजणीत नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात बायका कुठून कुठून येऊन बसल्या होत्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मी मुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून गावोगाव सांगितलं, आणि पुष्कळ जणांनी करूनही दिली. इतकी वर्षं झाली. आमच्या वाडीत किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, हे मोजायला एक हात पुरतो. आणि त्यातल्या बहुतेकींचं नाव नवरा गेल्यावर लागलंय.

कुणी म्हणेल, बायांनाच यायचं नसतं, लाजतात. लाजतात काहीजणी. बोलावून बघितलंय का कधी, नाव घेऊन?

मघाशी आत्यांना बैठकीचं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दाणे मांडताना एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, हे सांगितलं का त्यांनी? एकाला बुरशी लागली की शेजारचा जातो." नव्हतं सांगितलं. किंवा मी खांबाशी पोचायच्या आधी सांगितलं असेल. पण या बाईकडे आज गावाला द्यायला काहीतरी होतं, आणि ती त्या वेळी रानात धसकटं वेचत होती.

पुढची बैठक बीजप्रक्रियेची, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक-संवर्धक चोळण्याची, आहे म्हणे. मी ठरवलंय, निरोपाची वाट बघायची नाही. आत्या, मी आणि आमच्या बचत गटातल्या येतील तेवढ्या, पुढच्या ओळीत जाऊन बसणार. चहा ज्यांना हवा त्यांनी करावा.

तुमच्या गावात यंदा अशी बैठक झाली असेल तर तिथे बाया किती होत्या, खाली लिहा. एकही नव्हती, तर तेही लिहा.