वाळूत हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी लागते

थंडी पडली की दुबईत राहणाऱ्या आम्हा लोकांना पुण्या-मुंबईहून ठरलेला मेसेज येतो. "जानेवारीत येतोय रे, डेझर्ट सफारीला नेशील ना?" नेतो की! लाहबाबच्या तांबूस वाळूत कंपनीची लँड क्रूझर अर्धा-पाऊण तास वर-खाली नाचते, मागच्या सीटवरची मावशी स्वामी समर्थांचा धावा करते, मग उंटावर बसून फोटो, हातावर मेंदी, बार्बेक्यूची रांग आणि रात्री वेळेत हॉटेल. वाईट काही नाही त्यात. माझ्या आई-बाबांना मी तेच दाखवलं, दोघंही खूश. पण तेवढ्या भांडवलावर कोणी मला ऐकवायला लागलं की "ऑफ-रोडिंगला काय लागतं, मोठं इंजिन नि छातीत दम", की मग मला राहवत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल त्यांनी फोटो बघून पुढे जावं.

माझं म्हणणं असं की वाळूत गाडी चालवायला आधी दुसऱ्याचं ऐकायची तयारी लागते. हॉर्सपॉवर फार नंतर येते. आणि ही तयारी चाळिशीतल्या, नुकतीच मोठी गाडी घेतलेल्या पुरुषांत फार कमी सापडते. (मीही त्याच वयोगटातला, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.)

या वीकेंडला आम्ही अबुधाबीतल्या लिवाला गेलो होतो. दुबईहून साडेतीन-चार तास. खजुराच्या बागांची लांबच लांब रांग, आणि ती संपली की रब अल खाली सुरू. यूएई, सौदी, ओमान, येमेन अशा चार देशांत पसरलेलं साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं वाळवंट, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. तिथेच तल मोरेब नावाचा जवळपास तीनशे मीटर उंच वाळूचा डोंगर आहे. हिवाळ्यातल्या लिवा फेस्टिव्हलमध्ये खास बांधलेल्या गाड्या त्याच्यावर सरळ चढाईची शर्यत लावतात. तुमच्या रील्समध्ये येतात त्या याच. त्या बघून लोकांना वाटतं की वाळवंट म्हणजे अॅक्सिलरेटर दाबायची जागा.

प्रत्यक्षात काम सुरू होतं ते टायरपाशी उकिडवं बसून. रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास हवा असते, ती १५ पर्यंत आणायची, वाळू फारच भुसभुशीत असेल तर १२. चारही टायर, प्रत्येकाला गेज लावून. हवा सुटली की टायर जमिनीवर पसरतो, विशेषतः लांबीला, आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. हे कंटाळवाणं काम आहे. नवा माणूस नेमका इथेच घाई करतो, "वीसवर ठेव, चालेल" म्हणतो. वाळूत अडकलेल्या निम्म्या गाड्यांचं कारण त्या "चालेल"मध्ये असतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या ताफ्यात पुढे लीड, शेवटी स्वीप. लीड वाट काढतो, बाकीच्यांनी त्याच्या चाकोरीतून जायचं. प्रत्येक गाडीवर उंच काठीला केशरी झेंडा, कारण टेकडीच्या पलीकडून कोण येतंय ते झेंड्याशिवाय कळत नाही. स्वीप म्हणजे आमचा मल्याळी मित्र, सगळे त्याला चेट्टा म्हणतात. मागे राहून तो सगळ्यांना बाहेर काढतो, त्याचे फोटो कोणी काढत नाही, आणि तो नसेल तर मी आत जाणार नाही.

आता शनिवारी सकाळचं सांगतो. एका मित्राने पाहुणा आणला होता, नवी कोरी व्ही-एट पेट्रोल, चारशे हॉर्सपॉवर. आणि एका मित्राची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ती आपली जुनी पजेरो घेऊन. एक मध्यम चढ आला. लीडने रेडिओवर सांगितलं, "सेकंड गिअर, एकसारखा वेग, वर पोचायच्या जरा आधी पाय सोडा." वहिनी बोलल्याबरहुकूम गेली आणि माथ्यावरून अलगद पलीकडे उतरली. इंजिनाचा आवाजही चढला नाही. पाहुण्याने खालूनच जोर लावला, मध्ये घाबरून पाय काढला, गाडी मंदावली तसा परत दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि बघता बघता गाडी मांडी घालून बसली. चॅसी वाळूला टेकली, मागची चाकं अर्धी गाडली गेली. चेट्टा खालून ओरडतोय, "भाई, रेस मत दो! रेस मत दो!" आणि हा देतोच आहे.

गाडी रुतली की पहिलं काम म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय काढणं. चाक फिरलं की खड्डा खोल होतो, दुसरं काही होत नाही. मग फावडं, नाहीतर सरळ हात. चाकांसमोरची वाळू उपसायची, पोटाखालची उपसायची, हवा आणखी थोडी काढायची, आणि शक्य असेल तर आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्यायची. वरची वाळू कोमट होती आणि वीतभर खाली बर्फासारखी गार. नखांत भरते ती दोन दिवस निघत नाही. शेवटी दोर लावावाच लागला. तो कुठेही अडकवायचा नसतो. मागे ट्रेलर ओढायला जो गोल बॉल असतो, त्याला लावून हिसका दिला आणि बॉल तुटला तर तो गोळीसारखा येतो. जगभर त्याने माणसं मेली आहेत. दोर चॅसीच्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढण्यासाठीच बसवलेल्या मजबूत हुकाला, लावायचा आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. हे वहिनी पाहुण्याला समजावत होती आणि तो मान डोलावत व्हिडिओ काढत होता. असो.

उन्हं डोक्यावर आली की आम्ही गाड्या थांबवतो. दुपारी सावलीच नसते, त्यामुळे माथा कुठे संपतो आणि पलीकडे उतार आहे की कडा, हे डोळ्यांना कळत नाही. वाऱ्याकडची बाजू चढणीला सौम्य आणि घट्ट, पलीकडची मऊ आणि तीव्र, ३२-३४ अंशांची. सकाळी दवाने वाळू जरा धरून असते, कोवळ्या उन्हात प्रत्येक वळी दिसते. आडव्या उतारावर गाडी घसरायला लागली तर स्टिअरिंग खालच्या दिशेने वळवायचं. मन सांगतं वर वळव, आणि मनाचं ऐकलं तर गाडी कोलांटी खाते. थांबायचं तेही उताराकडे तोंड करून, ब्रेक न मारता, नाहीतर चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. लिवात टेकड्यांच्या मध्ये सपाट पांढुरकी मैदानं लागतात, सबखा. वरून कडक खारट पापडी, खाली चिखल. पाऊस होऊन गेला असेल तर तिथे गेलेली गाडी काढायला अख्खा दिवस जाऊ शकतो. यातलं काहीच इंजिनाच्या आकड्यावर ठरत नाही.

कॅम्पबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडं, आणि पहाटे तंबू टपटप गळत असतो. समुद्रावरची दमट हवा रात्री थंड वाळूवर येते, दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेला टॉवेल पिळावा लागतो. रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतं, स्वेटर आणा. सकाळी बूट झटकूनच घाला. सरपण पेट्रोल पंपावरून पिशवीत विकत घ्या, झाडाची फांदी तोडू नका. दुबई-अल ऐनकडच्या वाळूत दिसणारं घाफ हे इथलं राष्ट्रीय झाड म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला तिची पूजा करायची आणि इथे तिच्याच वाळक्या फांद्या कबाबाखाली घालायच्या, हे बरं दिसत नाही. रात्री कोल्हापूरहून आलेल्या कांदा-लसूण मसाल्यात मुरवलेलं चिकन झालं, चेट्टाने डोळ्यांतून पाणी काढत तिसऱ्यांदा घेतलं.

आणि स्पीकर. पलीकडच्या टेकडीमागे कुठलातरी ग्रुप रात्री दोनपर्यंत डीजे वाजवत होता. एवढ्या लांब येऊन जे गाणं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ऐकता येतं तेच ऐकायचं, हे मला कधी कळलेलं नाही. सकाळी ते निघून गेले तेव्हा मागे कोळसा, फॉइल, आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पिशव्या. दुबईतल्या पशुवैद्यकांनी २००८ पासून सुमारे ३०,००० मेलेले उंट तपासले, त्यातल्या ३०० जणांच्या पोटात प्लॅस्टिकचे घट्ट गोळे निघाले. हा अभ्यास २०२१ च्या सुरुवातीला छापून आला. उंटाला पिशवी खाद्य वाटते, ती पचत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं आणि तो उपाशी मरतो. देशभर पिशव्यांवर २०२४ पासून बंदी आली, पण बर्फाची पिशवी, चिप्सचं पाकीट यांना कोण अडवणार? आम्ही आमचा आणि त्यांचा मिळून कचरा गोळा केला. पाहुण्याने एक अक्षर न बोलता सगळ्यात जास्त पिशव्या भरल्या, हे इथे नोंदवलं पाहिजे.

आता कोकणाबद्दल. दर लाँग वीकेंडला मला एक तरी व्हिडिओ येतो. कोकणातल्या कुठल्यातरी किनाऱ्यावर फोर बाय फोर लाटांत रुतलेली, मालक गुडघाभर पाण्यात फोनवर, आणि गावातली पोरं किंवा जेसीबी ती ओढताहेत. गाडी तीच, वाळू ओली. ओहोटीला घट्ट वाटते, पण लाट परतताना चाकाखालची वाळू घेऊन जाते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. टायरमधली हवा काढलेली नसते, सोबत दुसरी गाडी नसते, गावातल्या माणसाने "साहेब, पुढे नका जाऊ" सांगितलेलं असतं. वर वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्याच वाळूवर ही चाकं. थार घेतली म्हणजे किनारा घेतला असं नाही ना! हौस असेल तर राजस्थानात जाणकारांसोबत जा, शिका. समुद्रावर चपला काढून चाला, छान वाटतं.

तर जानेवारीत येणाऱ्यांनो, या, नक्की या. माझ्या विम्यात ऑफ-रोड कव्हर आहे, तंबू आहेत, जागा आहे. आत फोनला रेंज नसते, हे घरी आधीच सांगून ठेवा. स्पीकर माझ्या गाडीत चढणार नाही. पहिल्या दिवशी हातात किल्ली मिळणार नाही, फावडं मिळेल, आणि टायरची हवा तुम्हीच काढायची, गेज लावून, वहिनी तपासेल. परतताना हायवेला लागण्याआधी ती परत भरायची, पंधरा पीएसआयवर १२०ने गेलात तर टायर फुटेल. एवढं कबूल असेल तर इनबॉक्समध्ये तारखा टाका, आणि सामानात अर्धा किलो कांदा-लसूण मसाला जास्तीचा घ्या. चेट्टाने घरी न्यायला मागितलाय.