नियम क्रमांक १९

आमच्या फुटबॉल क्लबचा पहिला लेखी नियम एका स्टीलच्या डब्यामुळे झाला.

बारा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती, सात-सात जणांची. मध्यंतराला आम्ही दोन-शून्यने पुढे. मी मुलांना गोल करून उभं केलं होतं आणि मिळालेली आघाडी कशी टिकवावी यावर चार शब्द सांगत होतो. आमच्या गोलकीपरला तेवढ्यात भूक लागली. त्याची आजी गोलपोस्टमागेच सतरंजी टाकून बसलेली. तिनं डबा उघडला. आत कडक भाकरीचा चुरा आणि त्यावर शेंगा चटणी. आता सोलापूरची शेंगा चटणी म्हणजे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. पोराला ग्लोव्हज काढायचा कंटाळा, म्हणून त्यानं ती ग्लोव्हजसकट खाल्ली.

उत्तरार्धात पहिलाच बॉल अलगद त्याच्या छातीशी आला. त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीसारखा तो सटकून मागे गेला. दुसरा तसाच. तिसराही. तिसऱ्या गोलनंतर रेफ्रींनी बॉल उचलला, हात नाकाशी नेला आणि मला हळूच विचारलं, "चटणी घरचीय का?"

इतर कुठल्या गावात हा विषय एका वाक्यात मिटला असता. आजी, मध्यंतरात डबा देत जाऊ नका, झालं. पण सोलापूर दिसायला मोठं शहर असलं तरी आत सगळं एकाच घरासारखं आहे. ही आजी माझ्या थोरल्या वहिनीची मावशी. संक्रांतीला तिच्याकडून बाजरीची भाकरी आणि गरगट्टा येतो. तिला तोंडावर कसं सांगणार? म्हणून मी घरी आलो, कागद घेतला आणि लिहिलं : 'नियम क्रमांक १ – मध्यंतरात खेळाडूंना तेलकट पदार्थ देऊ नयेत.'

पुढच्या रविवारी आजीनं चष्मा लावून तो नियम मोठ्यानं वाचला. मान डोलावली. म्हणाली, "बरं केलंस बघ. ती डिफेंडरची आई भजी आणती. कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं तिला."

आणि पिशवीतून डबा काढला.

तर मी या क्लबचा सेक्रेटरी. फुटबॉल मी कधी खेळलेलो नाही. पतसंस्थेत नोकरी असल्यामुळे परिपत्रक कसं लिहावं हे मला कळतं आणि घरी प्रिंटर आहे, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. मुलगी मिडफिल्डला खेळते. जुळे सोलापुरातल्या एका रिकाम्या प्लॉटवर आमचा सराव चालतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून सकाळी सहाला. मुलं यायची तशी येतात, फक्त ज्या दिवशी नळाला पाणी असतं त्या दिवशी निम्मी टीम घरी मोटार चालू-बंद करायला लागते. सराव सुरू होण्याआधी मी त्यांच्याशी थोडं बोलतो. शिस्त, वक्तशीरपणा, वेळेचं मोल, असं. मुलं मनापासून ऐकतात. काही बसून ऐकतात. एकजण तर एकदा बॉलवर डोकं ठेवून, डोळे मिटून ऐकत होता. इतकी एकाग्रता हल्ली दिसत नाही.

कोच तरुण आहे. चांगला खेळलेला, पण अबोल. मी बोलत असतो तेव्हा तो सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. नवीन असावं.

दुसऱ्या-तिसऱ्या नियमाचं सोडा, ते फीचे होते आणि फीबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं, देणारे देतात. चौथा मात्र सांगायलाच हवा : 'पालकांनी मैदानाबाहेरून सूचना देऊ नयेत.'

आमच्या बाहेरच्या रेषेवर चार भाषा उभ्या असतात. अशोक चौकाकडचे एक पप्पा तेलुगूत "कोट्टु रा, कोट्टु!" म्हणून ओरडतात. अक्कलकोट रोडच्या अज्जी कानडीत "होडी! होडी!" करतात. एक मामू "मार ना रे!" आणि उरलेले सगळे "मार की बे!" चौघांचं म्हणणं एकच, बॉल मार. पण आमचा राईट विंगर मराठी घरातला. बॉल पायात घेऊन तो थांबला, माझ्याकडं वळला आणि विचारलं, "सर, होडी कुठंय?" तेवढ्यात चारही भाषा पुन्हा एकदम फुटल्या. घाबरून त्यानं जिकडं तोंड होतं तिकडं बॉल हाणला. तोंड माझ्याकडं होतं आणि मी आमच्याच गोलपोस्टशेजारी उभा होतो.

इंग्लंडमध्ये २००८ पासून यासाठी 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम चालते. लहानांच्या मॅचला पालकांनी आखून दिलेल्या रेषेच्या किंवा पट्टीच्या मागं उभं राहायचं. मी हे वाचलं आणि आम्हीही सुतळी बांधली. पंधरा मिनिटांत तिच्यावर दोन टॉवेल आणि एक चादर वाळत होती. सोलापूर आहे, आडवी दोरी मोकळी राहत नाही.

मग खजिनदारांनी कार्डाची कल्पना काढली. पिवळं-लाल कार्ड १९७० च्या मेक्सिकोतल्या वर्ल्डकपपासून आलं. केन अ‍ॅस्टन नावाच्या इंग्रज रेफ्रीला ते ट्रॅफिक सिग्नलवर गाडीत बसल्या बसल्या सुचलं होतं. ज्या माणसाला सिग्नलवर थांबायची सवय आहे त्यालाच हे सुचू शकतं. सात रस्त्याला पिवळा दिवा लागला की आपण काय करतो ते आपल्याला माहीत आहे. २०१९ पासून तर रेफ्री कोचलाही कार्ड दाखवू शकतो. मग पालकांना का नको, असं खजिनदारांचं म्हणणं. त्यांनी घरातल्या एका पिवळ्या लग्नपत्रिकेची नीट चौकोनी कार्डं कापली. पहिलं कार्ड आमच्या सेंटर फॉरवर्डच्या पप्पांना दाखवलं. रेफ्रीला काहीबाही बोलले होते. त्यांनी ते हातात घेतलं, उलटून पाहिलं. मागं अर्धा गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

"अरे वा," ते म्हणाले. "कधी आहे?"

नियम सहा ते आठ याच पप्पांचे आहेत. सात असा : 'प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच खेळायला मिळेल.' हे मी त्यांच्यासाठीच लिहिलं होतं, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्या पोरानं पूर्ण मॅच खेळावी आणि बाकीच्यांनी गरजेपुरतं. नियम वाचून त्यांना फार आनंद झाला. स्टॉपवॉच घेऊन यायला लागले. "आमचा एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. तो गोरा पोरगा तेवीस. हे कसं काय?" मी म्हणालो, बॉल बाहेर गेला होता. ते म्हणाले, "ते धरूनच सांगलालाव."

आठवा नियम चोवीस तासांचा. परदेशात पुष्कळ क्लबांत असतो : मॅचनंतर चोवीस तास कोणतीही तक्रार करायची नाही. तेवढ्यात राग निवतो, असं त्यामागचं शास्त्र. आम्ही रविवारी साडेपाचला हरलो. सोमवारी पाच वाजून एकतीस मिनिटांनी फोन वाजला. राग निवला नव्हता, मुरला होता. कच्च्या कैरीसारखी तक्रार रविवारीच ऐकली असती तर दोन मिनिटांत संपली असती. सोमवारी तिला तेल सुटलं होतं, मोहरी-मेथी सगळं लागलं होतं. त्यात दोन साक्षीदार होते आणि एक व्हिडिओ. पाऊण तासानं मी फोन ठेवला तेव्हा बायकोनं विचारलं, "कोण गेलं?"

वयाचा प्रश्न मात्र आमच्याकडं चुटकीसरशी सुटला. बारा वर्षांखालच्या संघात एकदा एक मुलगा आला, त्याला मिशी होती. बारीकच, पण कातरलेली. राष्ट्रीय पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वय ठरवतात. आमच्याकडं एक्स-रे नाही, गोलकीपरचे आजोबा आहेत. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, कुठला, कुणाचा, आईचं माहेर कुठलं एवढंच विचारलं. "ह्याच्या बारशाला जेवलोय मी. गड्ड्याच्या जत्रेत पाळणा बंद पडला होता त्या साली. पंधरा संपलेत ह्याला." मुलगा मुकाट्यानं बूट सोडायला लागला. जन्मदाखल्याचा नियम मी तरीही लिहिला, कारण आजोबा प्रत्येक मॅचला येतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त पस्तावलो तो तेराव्या नियमावर. एका मुलाचे वडील रोज उशिरा न्यायला यायचे. नवी पेठेत कपड्यांचं दुकान, गिऱ्हाईक सोडवत नाही. सराव आठला संपायचा, हे पावणेनऊला. तोवर मी आणि ते पोरगं. मी त्याला वक्तशीरपणावर सांगत बसायचो. त्याच्या वडिलांना सांगायची हिंमत नव्हती, दिवाळीची खरेदी त्यांच्याकडंच असते आमची. म्हणून नियम : 'पाल्यास नेण्यास उशीर झाल्यास पन्नास रुपये दंड.' दुसऱ्या दिवशी ते पावणेनऊलाच आले, खिशातून पाचशेची नोट काढली आणि म्हणाले, "दहा दिवसांचे धरा. ट्यूशनवाले तासाला शंभर घेतेत, तुमचं परवडतंय." आठवड्याभरात आणखी तिघांनी ॲडव्हान्स भरला.

माझा मेहुणा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तो पोट धरून हसला. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी असाच दंड लावून पाहिला होता, म्हणाला. दोन अर्थतज्ज्ञांनी २००० साली त्यावर निबंधच छापला. दंड लावल्यावर उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आधी लाज वाटायची, आता बिल भरलं की मोकळे. आणि नंतर दंड काढून टाकला तरी ते पुन्हा वेळेवर येईनात. मी तरी दंड काढून टाकला. दुकानदार म्हणाले, "मग आता फुकट?" आणि नऊला यायला लागले.

अशा रीतीनं अठरा नियम झाले. त्यात खास मुलांसाठीचे तीनच : शिनगार्ड घालायचं, अंगावर कडं-साखळी-बाळी ठेवायची नाही (वरून चिकटपट्टी लावली तरी चालत नाही, फुटबॉलच्या कायद्यातच तसं आहे), आणि दहा वर्षांपर्यंतच्यांनी बॉल डोक्यानं मारायचा नाही. हे शेवटचं मी अमेरिकेकडून घेतलं. तिथल्या संघटनेनं मेंदूला इजा नको म्हणून २०१५ मध्ये तसं ठरवलं होतं. मुलांनी तिन्ही नियम एका दिवसात पाळायला सुरुवात केली. त्यामुळं त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

मागच्या रविवारी माझ्या गच्चीवर पालकसभा झाली. प्रत्येकाला तीन पानी नियमावली आणि खाली सहीची जागा. वाचायचं काम गोलकीपरच्या आजोबांनी घेतलं. निवृत्त शिक्षक. आधी त्यांनी माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, मग खणखणीत आवाजात सुरुवात केली. आणि एक विलक्षण खेळ सुरू झाला. नियम वाचला की सगळे हळूच कुणाकडं तरी बघायचे. पहिल्याला आजीनं डिफेंडरच्या आईकडं पाहिलं, डिफेंडरच्या आईनं आजीकडं. चौथ्याला चारही भाषा एकमेकींकडं बघून हसल्या. सातव्याला सेंटर फॉरवर्डचे पप्पा मागं वळून म्हणाले, "काही लोकांना सांगावंच लागतं." तेराव्याला दुकानदारांनी जोरात मान हलवली, ते तेराव्यालाच पोहोचले होते. स्वतःला ओळखलं असं एकही माणूस त्या गच्चीवर नव्हता. मला गंमत वाटली. माणसाला आपलंच नाव कसं दिसत नाही!

अठरा संपले. मी सह्यांसाठी पेन काढलं, तर आजोबा म्हणाले, "थांबा, अजून एक आहे."

शेवटच्या पानावर खाली निळ्या शाईत, कोचच्या अक्षरात लिहिलं होतं. प्रिंट काढून मी झेरॉक्सला त्याच्याच हाती दिली होती. आजोबांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "नियम क्रमांक १९. सरावाआधी, मध्यंतरात किंवा मॅचनंतर कोणाही पदाधिकाऱ्यानं मुलांशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये."

क्षणभर गच्चीवर काहीच हललं नाही. मग सगळे हसले. सगळ्या सभेत एवढं कुणी हसलं नव्हतं. कोच वाकून बुटाची लेस बांधत होता. आजीनं उठून माझ्या हातावर एक शेंगालाडू ठेवला आणि का कोण जाणे, पाठीवरून हात फिरवला. सह्या तर अशा भराभर झाल्या की दोन पेनं संपली.

खजिनदारांना फार लागलं असणार. त्यांना बोलायची सवय आहे हे खरं, हिशेब सांगायला लागले की थांबत नाहीत. जाताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका." त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. काही बोलले नाहीत. म्हणजे नियमाचा परिणाम लगेच झाला म्हणायचा.

रात्री मुलीला विचारलं, तुम्हा पोरांना तरी कळला का हा नियम? ती म्हणाली, "कळला की बाबा. सगळ्यांना कळला." पण पोरांचं काय, विचारलं की हो म्हणतात. कोचलाही चार ओळीत मुद्दा नीट मांडता आलेला नाही. दोन मिनिटं कुठून धरायची, का धरायची, काहीच खुलासा नाही. म्हणून या रविवारी सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोल करून बसवायचं आणि हा नियम उदाहरणांसह समजावून सांगायचा असं मी ठरवलंय.

फार नाही, पंधरा-वीस मिनिटं.